रुब्रिक वर्गात वापरताना: एका प्रसंगलेखनाची सुरुवातीपासूनची वाट

प्रसंगलेखनाच्या वह्या तपासताना मी वर्षानुवर्षं चारच शेरे लिहीत आले होते: ‘छान’, ‘ठीक’, ‘शुद्धलेखनाकडे लक्ष दे’, ‘आणखी प्रयत्न हवा’. एकदा नववीतल्या एका मुलाची वही मागे उलटत गेले. जूनपासून डिसेंबरपर्यंत सहा लेखनं होती. सहाही ठिकाणी ‘ठीक’ आणि आठपैकी चार. पहिल्या लेखनातल्या चुका सहाव्यातही तशाच होत्या. त्याने नेमकं काय सुधारायचं, हे माझ्या शेऱ्यांवरून त्याला कळायला काही वावच नव्हता. त्या दिवसापासून मी रुब्रिककडे वळले. हा लेख त्या कामाचा, पायरीपायरीने. उदाहरण एकच घेते, नववीच्या वर्गातलं प्रसंगलेखन: ‘मी पाहिलेला आठवडी बाजार’. आपला विषय वेगळा असला तरी पायऱ्या त्याच राहतील.

रुब्रिक म्हणजे एक तक्ता. डावीकडे निकष, म्हणजे कामात काय पाहायचं ते. वर पातळ्या. आणि प्रत्येक चौकटीत, त्या निकषाचं त्या पातळीवरचं काम कसं दिसतं याचं वर्णन. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ लाल माती. युरोपातल्या हस्तलिखितांत सूचना आणि शीर्षकं लाल शाईने लिहीत, त्यावरून हा शब्द आला. आपल्या जुन्या पोथ्यांतही श्लोकांच्या आकड्यांवर आणि समाप्तीच्या ओळींवर गेरूचा लाल हात फिरवलेला दिसतो. वाचणाऱ्याची नजर कुठे थांबावी हे सांगणारा तो रंग. रुब्रिकचं कामही नजर थांबवायचंच आहे, फक्त ती नजर मुलाची असली पाहिजे. तपासताना आपल्याच हातात राहणारा तक्ता गुण द्यायला सोयीचा, पण त्याने शिकणं फारसं पुढे जात नाही.

कुठे वापरायचं, कुठे नाही

‘एका वाक्यात उत्तरे लिहा’, ‘जोड्या लावा’ यांना रुब्रिक लागत नाही. आकृतीला नावं दिली का, पत्रात दिनांक आहे का, अशा हो-नाही प्रश्नांना पडताळासूची पुरते. जिथे एकाच कामाची दहा चांगली रूपं असू शकतात तिथे रुब्रिक हवं: लेखन, प्रकल्प, भाषण, प्रयोगाची नोंद, गटकार्य, प्रकटवाचन. वर्षभरात दोन किंवा तीन कामांसाठी करा. एकाच सत्रात सगळ्या उपक्रमांना तक्ते लावलेले शिक्षक दिवाळीपर्यंत थकून ते सोडून देतात, हे मी जवळून पाहिलं आहे.

पायरी १: आधी वह्या, मग निकष

बहुतेक जण इथेच चुकतात. कोरा कागद घेतात आणि मनाने निकष लिहितात: आशय, मांडणी, भाषा, सर्जनशीलता. हे शब्द कोणत्याही विषयाला, कोणत्याही इयत्तेला चिकटतात, म्हणून कोणाच्याच उपयोगी पडत नाहीत.

त्याऐवजी मागच्या वर्षीच्या किंवा मागच्या लेखनाच्या पंधरा-वीस वह्या घ्या. गुण न देता, फक्त वाचून तीन गठ्ठे करा: मन धरून ठेवणाऱ्या, मधल्या, आणि निसटलेल्या. मग प्रत्येक गठ्ठ्यातल्या वह्यांकडे पाहून स्वतःला विचारा, ही इथे का आली? उत्तर एका चिठ्ठीवर लिहा.

निसटलेल्या गठ्ठ्यातली ओळ होती: ‘बाजारात खूप गर्दी होती. तेथे अनेक प्रकारच्या भाज्या होत्या. आम्हाला खूप मजा आली.’ वरच्या गठ्ठ्यातली: ‘आजीने मेथीची जुडी पाण्यातून काढून झटकली, तेव्हा थेंब माझ्या चपलेवर पडले. तिने भाव विचारला आणि उत्तर यायच्या आत जुडी पिशवीत टाकली.’ दोन्ही मुलांचं व्याकरण सारखंच होतं. फरक होता तो पाहण्यात. माझ्या चिठ्ठ्यांवर ‘आशय’ हा शब्द एकदाही आला नाही. ‘डोळ्यांसमोर उभं राहतं’, ‘आधी काय, मग काय कळतं’, ‘याला स्वतःला काय वाटलं ते आहे’ असे शब्द आले. तेच माझे निकष झाले.

आणखी एक गोष्ट दिसली आणि ती मला टोचली. सुभाषितांनी सुरू होणारे, पाठ केलेल्या अलंकारिक वाक्यांचे निबंध बहुतेक मधल्या गठ्ठ्यात पडले होते. मी स्वतः ती वाक्यं फळ्यावर लिहून देत होते.

पायरी २: चार निकष पुरेत

माझे चार असे ठरले: प्रसंग उभा करणं, घटनांचा क्रम आणि परिच्छेद, स्वतःचं मन, भाषा. दहावीच्या कुमारभारतीच्या कृतिपत्रिकेत लेखनकौशल्याच्या प्रश्नाला ८ गुण असतात. म्हणून नववीपासूनच मी चार निकषांना प्रत्येकी २ गुण धरले आणि चार पातळ्यांना अर्धा, एक, दीड, दोन. हा हिशेब माझ्या वर्गाचा आहे, मंडळाचा नव्हे. तुम्हाला एखादा निकष दुप्पट वजनाचा वाटला तर तसं करा, पण ते मुलांना आधी सांगा.

हस्ताक्षर मी निकषांत घेतलं नाही. समास सोडला का, शीर्षक अधोरेखित केलं का, हेही नाही. त्यांची पाच ओळींची पडताळासूची वहीच्या आतल्या बाजूला चिकटवली. सुंदर अक्षर ही कमावण्याची गोष्ट आहे हे मला मान्य आहे. पण अक्षराला गुण दिले की ज्या मुलाच्या घरी टेबल नाही, जो गुडघ्यावर वही ठेवून लिहितो, त्याचं पाहणं आणि सांगणं दोन्ही त्या अक्षराखाली गाडलं जातं.

पायरी ३: पातळ्यांना नावं

पातळ्या चार ठेवा. तीन किंवा पाच ठेवल्या की हात आपोआप मधल्या चौकटीकडे जातो. चार असल्या की अलीकडे की पलीकडे, हे ठरवावंच लागतं.

नावं मुलांच्या तोंडी बसतील अशी हवीत आणि ती मुलाला नव्हे, कामाला लागली पाहिजेत. मी ‘सुरुवात’, ‘वाटेवर’, ‘पोहोचलं’, ‘पुढे गेलं’ अशी घेतली. राष्ट्रीय पातळीवर ‘परख’ या मूल्यमापन केंद्राने पायाभूत स्तरासाठी केलेल्या समग्र प्रगती पत्रकात झरा, डोंगर आणि आकाश अशा अर्थाच्या तीन पातळ्या आहेत. लहान मुलांसाठी चित्रं काढता येतील अशी नावं हवीत, म्हणून ती मला आवडतात. नववीच्या मुलांना मात्र चित्रं बालिश वाटतात.

पायरी ४: चौकटी भरणं

इथे वेळ घाला. सगळ्यात आधी ‘पोहोचलं’ हा स्तंभ भरा, कारण सत्राअखेर वर्गातल्या प्रत्येक मुलाने जिथे यावं असं तुम्हाला वाटतं तो हा. त्यानंतर ‘पुढे गेलं’, मग ‘वाटेवर’, शेवटी ‘सुरुवात’.

‘प्रसंग उभा करणं’ या निकषाच्या माझ्या चौकटी अशा आहेत:

सुरुवात: बाजारात काय काय होतं याची यादी आहे. ‘खूप’, ‘छान’, ‘मजा’ अशा शब्दांवर काम भागवलं आहे.
वाटेवर: एखाद-दुसरी गोष्ट दिसते, पण ती कोणत्याही बाजारात असू शकते.
पोहोचलं: निदान दोन ठिकाणी मी तिथे उभा आहे असं वाचणाऱ्याला वाटतं, काही दिसतं, ऐकू येतं किंवा वास येतो. हा अमुकच बाजार आहे हे कळतं.
पुढे गेलं: तपशील निवडून घेतले आहेत. एका लहानशा गोष्टीतून माणूस किंवा सगळा प्रसंग कळतो.

‘क्रम आणि परिच्छेद’:

सुरुवात: सगळं एकाच परिच्छेदात, पुढचं मागे झालेलं.
वाटेवर: क्रम लागतो, पण परिच्छेद कुठेही तोडले आहेत.
पोहोचलं: जाणं, तिथे घडलेलं, परतणं असा क्रम आहे आणि प्रत्येक परिच्छेद एकाच गोष्टीबद्दल आहे.
पुढे गेलं: सुरुवात कुठून करायची हे विचारपूर्वक ठरवलं आहे, उदाहरणार्थ, थेट बाजाराच्या मधोमध सुरू होऊन मग मागे जाणं.

चौकटी भरताना ‘चांगलं’, ‘उत्तम’, ‘समाधानकारक’, ‘अपुरं’ हे शब्द स्वतःला बंद करा. ‘उत्तम वर्णन’ या शब्दांनी मुलाच्या हाती काहीच लागत नाही. दुसरा धोका नुसत्या मोजणीचा. पहिल्या वर्षी भाषेच्या निकषात मी ‘किमान तीन म्हणी किंवा वाक्प्रचार’ असं लिहिलं होतं. वह्या आल्या त्या म्हणींनी भरलेल्या. भाजीच्या गाड्याशेजारी ‘नाचता येईना अंगण वाकडे’ येऊन बसलं होतं. मुलांनी मी लिहिलं तेच केलं होतं. चूक चौकटीची होती, मी ती खोडली.

भाषेच्या निकषावर थोडं थांबते, कारण मराठीच्या शिक्षकांना इथे दोन निर्णय घ्यावेच लागतात. पहिला बोलीचा. आमच्या मुलांच्या घरात बोली आहे, आणि बाजारात तर तीच ऐकू येते. माझ्या तक्त्यात स्पष्ट लिहिलं आहे: माणसांच्या तोंडची वाक्यं बोलीत चालतील, तशी ती आली तर प्रसंग अधिक उभा राहतो, निवेदन प्रमाण भाषेत असावं. हे आधी सांगितलं नाही तर मुलं भाजीवाल्या मावशीला पाठ्यपुस्तकासारखं बोलायला लावतात. दुसरा निर्णय शुद्धलेखनाचा. वहीतली प्रत्येक चूक लाल केली की पान रक्ताळतं आणि मूल काहीच वाचत नाही. मी त्या सत्रात शिकवलेले दोनच नियम धरते. पहिल्या सत्रात: मराठी शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ (‘आणि’, ‘नि’ हे अपवाद), आणि विभक्ती लागलेल्या अनेकवचनावरचा अनुस्वार, म्हणजे ‘लोकांनी’, ‘मुलांना’. बाकीच्या चुकांना पेन्सिलीची बारीक खूण, गुण कापणं नाही.

पायरी ५: दुसऱ्या शिक्षकासोबत पाच वह्या

तक्ता वर्गात नेण्याआधी पाच वह्या एका सहकाऱ्याला द्या. दोघांनी वेगवेगळं बसून तपासा आणि मग शेजारी ठेवून पाहा.

१९१२ मध्ये अमेरिकेत डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड इलियट यांनी इंग्रजीची एकच उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शिक्षकांकडून तपासून घेतली. शंभरपैकी गुण आले ६४ पासून ९८ पर्यंत. ते शिक्षक निष्काळजी होते म्हणून असं झालं नाही. ‘चांगलं’ म्हणजे काय याचं प्रत्येकाच्या मनातलं चित्र निराळं होतं.

आम्ही दोघी बसलो तेव्हा पहिल्या दोन निकषांत एकमत झालं. ‘स्वतःचं मन’ या निकषात पाचपैकी तीन वह्यांवर फरक पडला. चौकटीत मी लिहिलं होतं, ‘भावना प्रामाणिक आहेत’. प्रामाणिकपणा मोजायचा कसा? बोलता बोलता ती चौकट बदलली: ‘घडलेल्या एखाद्या गोष्टीमुळे मला काय वाटलं किंवा काय सुचलं ते लिहिलं आहे, आणि ते त्या गोष्टीला जोडलेलं आहे.’ पुन्हा तपासलं, दोघींचं जुळलं. शाळेत विषयाला एकच शिक्षक असेल तर त्याच पाच वह्या आठवड्याने स्वतःच पुन्हा तपासा, आधीचे गुण न पाहता. तेवढ्यानेही कच्ची चौकट सापडते.

पायरी ६: लिहिण्याआधी तक्ता मुलांच्या हाती

रुब्रिक लेखनाबरोबर परत दिलं तर ते निकालपत्र असतं. लेखनाआधी दिलं तर तो धडा असतो. यासाठी एक पूर्ण तास ठेवा.

नुसता वाचून दाखवू नका, मुलं ऐकत नाहीत आणि त्यांचं चुकत नाही. दोन निनावी नमुने द्या. वर्गातल्या कोणाचे नकोत. मी दोन्ही स्वतः लिहिले होते, एक साधारण ‘वाटेवर’चा आणि एक ‘पुढे गेलं’चा, पण दुसऱ्यात शुद्धलेखनाच्या चुका मुद्दाम जास्त ठेवल्या. चार-चार मुलांच्या गटांनी प्रत्येक निकषाला पातळी द्यायची, आणि ती का दिली ते नमुन्यातली ओळ अधोरेखित करून दाखवायचं. ओळ दाखवता आली नाही तर पातळी मान्य नाही, हा एकच नियम.

मग जो वाद होतो त्यात खरं शिकणं असतं. ‘यात मिरचीचा ठसका आहे म्हणजे दिसतंच की!’ ‘पण मिरची सगळ्याच बाजारात असते.’ मागच्या बाकावरच्या एका मुलीने हे दुसरं वाक्य म्हटलं तेव्हा ‘वाटेवर’ आणि ‘पोहोचलं’ यांतला फरक मला तिच्याहून सोपा करून सांगता आला नसता. तास संपताना प्रत्येक गटाने एक चौकट आपल्या शब्दांत लिहायची. मुलांची वाक्यं चांगली निघाली तर ती तक्त्यात घ्या.

झेरॉक्सचा खर्च नको असेल तर तक्ता कार्डशीटवर लिहून भिंतीला लावा आणि मुलांनी वहीत फक्त ‘पोहोचलं’चा स्तंभ उतरवावा.

पायरी ७: पहिला खर्डा, गुणांविना

पहिल्या खर्ड्यावर मी गुण देत नाही. रूथ बटलर यांनी इस्राएलमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेला १९८८ चा अभ्यास प्रसिद्ध आहे: ज्यांना फक्त शेरे मिळाले त्यांचं काम आणि त्यातला रस वाढला, ज्यांना शेऱ्यांसोबत गुणही मिळाले त्यांचा तसा वाढला नाही. आकडा दिसला की मूल शेजाऱ्याचा आकडा बघतं आणि वही मिटतं. हे आपल्या प्रत्येक वर्गात रोज घडतं.

खर्डा झाल्यावर मूल आधी स्वतः तक्ता लावतं, आपल्याच वहीत पुरावे अधोरेखित करतं. मग शेजारचा सहाध्यायी लावतो. दोघांचं जिथे जुळत नाही तिथेच मी डोकावते, म्हणून चोपन्न मुलांच्या वर्गातही हे एका तासात बसतं. शेवटी प्रत्येकाने एकच निकष निवडायचा आणि दुसऱ्या खर्ड्यात तेवढाच एक पातळी वर न्यायचा. चारही सुधारायला सांगितलं तर काहीच सुधारत नाही.

पायरी ८: तपासणं

दुसरा खर्डा मी निकषवार तपासते. आधी सगळ्या चोपन्न वह्यांत फक्त ‘प्रसंग उभा करणं’, मग सगळ्यांत ‘क्रम’. एका वहीचं बरं वाटलेलं एक अंग बाकीच्या अंगांचे गुण वाढवतं, ते यामुळे टळतं. वह्या नाव झाकून उघडते आणि दर फेरीला गठ्ठ्याचा क्रम बदलते; रात्री अकराला हाती येणाऱ्या वहीवर दर वेळी अन्याय का व्हावा? चौकटीवर गोल केला की शेरा आपोआप झाला. खाली एक ओळ लिहिते, तीही पुढच्या वेळेसाठी: ‘भाव करणाऱ्या माणसाचे हात कसे होते ते लिही.’

पहिल्या वेळी नेहमीपेक्षा जास्त वेळ जातो. तिसऱ्या लेखनापासून माझा वेळ आधीपेक्षा कमी झाला, कारण शेरे शोधत बसावं लागत नाही.

पहिली ते आठवीच्या शिक्षकांना आणखी एक फायदा आहे. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयापासून आपण सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदी लिहितो, आणि ‘वर्गकार्यात सहभाग घेतो’ अशी वाक्यं वर्गभर उतरवून निघतात. गोल केलेली चौकट हीच नोंद आहे. ‘घटना क्रमाने सांगतो, परिच्छेद पाडताना मदत लागते’ हे वाचून पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला काही तरी कळेल. त्या निर्णयात पहिली-दुसरीत आकारिक, म्हणजे वर्षभर शिकतानाच चालणाऱ्या, मूल्यमापनाचा भार ७० टक्के आहे. तिथे या नोंदी खऱ्या असणं फारच गरजेचं.

पायरी ९: तक्त्यातून स्वतःचं शिकवणं वाचणं

वह्या परत देण्याआधी एका कागदावर प्रत्येक चौकटीत किती मुलं आली ते मोजा. मला सगळ्यात जास्त या कागदाने शिकवलं.

पहिल्या निकषात माझ्या वर्गाचे आकडे होते: सुरुवात ६, वाटेवर ३१, पोहोचलं १३, पुढे गेलं ४. क्रमाच्या निकषात: ३, १२, २९, १०. म्हणजे परिच्छेद मी शिकवले होते आणि ते पोहोचले होते. पाहणं मी शिकवलंच नव्हतं. नमुना निबंध दिले, मुद्दे दिले, सुरुवात-शेवट दिले. एखादी वस्तू समोर ठेवून तिच्याकडे पाहायला मात्र कधी सांगितलं नव्हतं. ३७ मुलं एकाच ठिकाणी अडली असतील तर त्यांना ‘प्रयत्न हवा’ म्हणण्याचा मला काय अधिकार?

पुढचे दोन तास लेखन थांबवलं. एकदा वर्गात लिंबं नेली, प्रत्येक गटाला एक. ‘छान, सुंदर, खूप, मस्त’ हे शब्द न वापरता चार वाक्यं लिहायची, मग सगळी लिंबं एका परडीत टाकायची आणि दुसऱ्या गटाने वाक्यं वाचून नेमकं लिंबू ओळखायचं. ओळखू आलं नाही की वाक्यं पुन्हा. दुसऱ्या तासासाठी मधल्या सुट्टीत नळावर जाऊन दहा मिनिटं उभं राहायचं आणि ऐकलेलं लिहायचं. दोन आठवड्यांनी नव्या विषयावर तोच निकष लावला. खालच्या दोन चौकटींत १९ मुलं उरली.

सगळं करायला वेळ नसेल तर बाकीचं सोडून हा मोजणीचा कागदच करा, असं मी सांगेन. पूर्ण तक्ता जमत नसेल तर एकाच स्तंभाचं रुब्रिक करा: मधे ‘पोहोचलं’चं वर्णन, डावी-उजवी बाजू कोरी. कमी पडलेलं डावीकडे, पुढे गेलेलं उजवीकडे लिहायचं. विज्ञानाच्या प्रयोगनोंदीला, गणिताच्या शाब्दिक उदाहरणातल्या रीतीला हे छान लागू पडतं.

तक्त्यात न मावणारी वही

त्याच गठ्ठ्यात एका मुलीने सगळा बाजार फक्त आवाजांत लिहिला होता. ‘वीसला दोन, वीसला दोन’, ‘पंधराला द्या’, ‘बोहनी आहे ताई’, ‘अगं, पिशवी धर’. निवेदन नाही, परिच्छेद नाहीत. वाचताना बाजार कानात भरला. क्रमाच्या निकषात मात्र तक्त्याप्रमाणे ती ‘सुरुवात’वर जात होती. मी तिला तिथे अर्धा गुण दिला नाही, दोन दिले, आणि वहीखाली का ते लिहिलं. वर्गालाही सांगितलं, कारण नियम मोडला तर तो सर्वांसमोर मोडायला हवा. पुढच्या जूनमध्ये तक्ता पुन्हा लिहिताना त्या चौकटीत एक ओळ वाढली: ‘किंवा नेहमीचा क्रम मुद्दाम सोडला आहे, आणि तो का सोडला हे वाचताना कळतं.’